धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाट : पहिल्यांदाच जाणाऱ्या नातेवाइकांसाठी

रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीसमोर उभे राहून "साहेब, आम्ही गरीब माणसे आहोत, काहीतरी कमी करा" अशी विनवणी करणारे नातेवाईक मी स्वयंसेविका म्हणून अनेक वर्षे पाहत आले आहे. त्यांच्या हातात तीन-चार लाखांचे बिल असते, रुग्णाला घरी नेण्याची घाई असते, आणि खिडकीमागचा माणूस फार तर पाच-दहा हजार रुपये कमी करून देतो. नातेवाईक त्याचेही आभार मानतात. आपण उभे आहोत ते रुग्णालय धर्मादाय आहे, आणि रुग्ण दाखल होतानाच योग्य कागद योग्य माणसाच्या हाती दिला असता तर बहुतेक बिल आपल्याला भरावेच लागले नसते, हे त्यांच्यापैकी कित्येकांच्या गावीही नसते. हा लेख अशा नातेवाइकांसाठी, आणि गावाकडून आलेल्या रुग्णासोबत पहिल्यांदाच शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. ही खाट म्हणजे रुग्णालयाने केलेले दान नाही. विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना प्राप्तिकरात सूट मिळते, अनेकांना सवलतीने जमीन आणि वाढीव चटईक्षेत्र मिळालेले असते, आणि त्या बदल्यात त्यांच्यावर कायद्याने काही जबाबदारी टाकलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यातील कलम ४१कक ही ती तरतूद होय. हे कलम बराच काळ कागदावरच राहिले होते. पुढे मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ रोजी एक सविस्तर योजना मंजूर केली, जी १ सप्टेंबर २००६ पासून राज्यातील धर्मादाय रुग्णालयांवर बंधनकारक आहे. आज राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत.

योजनेचा गाभा थोडक्यात असा. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने आपल्या एकूण कार्यरत खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्णपणे मोफत, आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या. म्हणजे २०० खाटांच्या रुग्णालयात २० खाटा मोफत आणि २० सवलतीच्या. या उपचारांचा खर्च भागवण्यासाठी रुग्णालयाने 'निर्धन रुग्ण निधी' नावाचे स्वतंत्र खाते ठेवायचे आणि इतर सर्व रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम त्यात जमा करायची. रुग्णालयात सगळे जण या निधीला 'आयपीएफ' म्हणतात, त्यामुळे तुम्हीही चौकशी करताना तोच शब्द वापरावा. ज्या रुग्णालयाची वर्षाची बिले १०० कोटींची आहेत, तिथे या खात्यात २ कोटी रुपये जमा व्हायला हवेत. हा हिशेब मी मुद्दाम मांडते आहे, कारण 'आमच्याकडे पैसे कुठून येणार' असे कोणी ऐकवले तर ते कुठून येतात हे आपल्याला ठाऊक असावे.

तातडीचा रुग्ण असेल तर

अपघात, हृदयविकाराचा झटका, अडलेले बाळंतपण, सर्पदंश अशा प्रसंगी खालच्या पायऱ्यांची वाट पाहू नये. योजनेत याबाबत स्पष्ट शब्दांत सांगितले आहे, की तातडीच्या रुग्णाला धर्मादाय रुग्णालयाने ताबडतोब दाखल करून घ्यायचे, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे सर्व आवश्यक उपचार करायचे, आणि गरज पडल्यास पुढे सरकारी रुग्णालयात नेण्याची व्यवस्थाही रुग्णालयानेच करायची. तातडीच्या रुग्णाकडून अनामत रक्कम, म्हणजेच डिपॉझिट, मागता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवती महिलेकडून मोठी अनामत मागितली गेल्याचा आरोप झाला, तिच्या मृत्यूनंतर राज्यभर संताप उसळला आणि शासनाने याच तरतुदीची रुग्णालयांना पुन्हा आठवण करून दिली. नियम मात्र २००६ पासूनचाच आहे.

खिडकीवर कोणी डिपॉझिटचा आकडा सांगितला तर वाद घालत बसू नये. "रुग्ण तातडीचा आहे, कलम ४१ककच्या योजनेप्रमाणे दाखल करून घ्या, कागदपत्रे आम्ही आणून देतो" एवढे शांतपणे सांगावे, आणि दाखल करण्यास नकार मिळाला तर तो केस पेपरवर लिहून मागावा. लेखी नकार द्यायला सहसा कोणी तयार होत नाही, हा माझा अनुभव आहे. एक नातेवाईक रुग्णापाशी थांबला आणि दुसरा कागदांच्या मागे लागला, की निम्मे काम झाले.

पहिली पायरी : रुग्णालय धर्मादाय आहे का, हे तपासणे

नावावरून ओळखता येईलच असे नाही. मुंबईतील लीलावती, जसलोक, हिंदुजा, बॉम्बे हॉस्पिटल, पुण्यातील रुबी हॉल ही पंचतारांकित वाटणारी रुग्णालये धर्मादाय आहेत; काचेच्या भिंती आणि थंडगार दालने पाहून पुष्कळ लोक दारातूनच परत फिरतात, तसे करू नये. उलट सार्वजनिक वाटणारे प्रत्येक रुग्णालय धर्मादाय असते असेही नाही. पुण्याचे केईएम विश्वस्त संस्थेचे आहे, तर मुंबईचे केईएम महापालिकेचे आहे, आणि तिथे ही योजना लागू होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तिथले उपचार मुळातच नाममात्र दरात होतात. परळचे टाटा स्मारक रुग्णालय केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येते आणि तिथे गरीब रुग्णांसाठी स्वतःची वेगळी व्यवस्था आहे. कंपनी म्हणून चालणाऱ्या खासगी रुग्णालयांवर या योजनेचे बंधन नाही.

खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रवेशद्वाराजवळचे फलक वाचणे. रुग्णालयाने आपल्या नावासोबत 'धर्मादाय' हा शब्द लिहावा आणि योजनेची माहिती दर्शनी भागात लावावी, असे आदेश आहेत. काही ठिकाणी हा फलक औषधाच्या दुकानामागे किंवा जिन्याखाली सापडतो, पण सापडतो. तो दिसला नाही, तर विश्वस्त संस्थांवर देखरेख करणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर जिल्हावार यादी पाहावी किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात विचारावे.

सीमेवरच्या वाचकांसाठी एक सूचना. गोव्यातील रुग्णालयांना महाराष्ट्राचा हा अधिनियम लागू नाही. सिंधुदुर्गातून बांबोळीला जाणारे रुग्ण गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या नियमांखाली येतात, आणि तिथे कलम ४१ककचा उल्लेख करून उपयोग होत नाही.

दुसरी पायरी : आपण कोणत्या गटात बसतो

निर्धन आणि दुर्बल हे दोन गट कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावरून ठरतात. सध्या वर्षाला १,८०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब निर्धन गटात, आणि त्यापुढे ३,६०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब दुर्बल घटकात धरले जाते. पूर्वी या मर्यादा ८५,००० आणि १,६०,००० रुपये होत्या, आणि अजूनही काही कर्मचारी सवयीने जुनेच आकडे सांगतात. त्यामुळे 'तुमचे उत्पन्न जास्त आहे' असे तोंडी ऐकून माघारी फिरू नये. कोणत्या मर्यादेवरून सांगता, हे नम्रपणे विचारावे.

दोन्ही गटांना मिळणारा लाभ वेगळा आहे. खाट, निवासी डॉक्टरांची सेवा, शुश्रूषा, चादरी, पाणी, वीज, स्वच्छता, रुग्णालय जेवण देत असेल तर जेवण, आणि नेहमीच्या तपासण्या या सेवांचे पैसे दोन्ही गटांकडून घ्यायचे नसतात. उरलेल्या सेवांचे बिल त्या रुग्णालयाच्या सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने लावायचे, आणि औषधे, वापरून टाकायचे साहित्य व शरीरात बसवायची उपकरणे यांची किंमत छापील दराने न धरता रुग्णालयाच्या खरेदी किमतीने धरायची, असा नियम आहे. असे तयार झालेले निर्धन रुग्णाचे संपूर्ण बिल निधीवर टाकले जाते. रुग्णाने काहीही भरायचे नसते. दुर्बल घटकातील रुग्णाने मात्र औषधे, साहित्य आणि उपकरणांच्या रकमेपैकी किमान ५० टक्के स्वतः भरायचे असतात.

खरेदी किमतीचा हा मुद्दा वरवर बारीक वाटतो, पण बिलातला सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. हाडाच्या शस्त्रक्रियेत पट्टी आणि स्क्रू, हृदयाच्या शस्त्रक्रियेत झडप, अशा वस्तूंची छापील किंमत आणि रुग्णालयाला ती प्रत्यक्षात पडलेली किंमत यांत पुष्कळदा मोठी तफावत असते. दुर्बल घटकात बसणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाने म्हणून बिलावर नुसती एकूण सवलत पाहू नये, तर औषधांच्या ओळींवर कोणता दर लावला आहे, तेही विचारावे.

तिसरी पायरी : कागदपत्रे

रुग्णाची आर्थिक स्थिती सिद्ध करण्यासाठी योजनेत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, किंवा शिधापत्रिका अथवा दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचे कार्ड, यांपैकी पुरावा मागितला आहे. व्यवहारात रुग्णाचे आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा आणि डॉक्टरांनी दिलेले खर्चाचे अंदाजपत्रकही मागतात. पिवळी शिधापत्रिका असेल तर काम सहसा लवकर होते. केशरी असेल तर सोबत तहसीलदाराचा दाखला जोडावाच. शिधापत्रिका पांढरी आहे, पण मधल्या काळात नोकरी गेली किंवा कमावता माणूसच आजारी पडला, अशा घरांनी निराश होऊ नये. आजचे उत्पन्न दाखवणारा दाखला घ्यावा आणि परिस्थिती अर्जात स्पष्ट लिहावी.

दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून निघतो. तलाठ्याचा उत्पन्न अहवाल, आधार, शिधापत्रिका आणि स्वयंघोषणापत्र एवढे तिथे लागते. दाखल्यावर मुदत लिहिलेली असते आणि बहुधा ती ३१ मार्चला संपते, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर मुदत आधी पाहावी. रुग्ण शहरात आणि तहसील कार्यालय दोनशे किलोमीटरवर, अशी स्थिती असते तेव्हा गावातल्या भावाला किंवा चुलत्याला पहिल्याच दिवशी फोन करून कामाला लावावे. आजाराचे निदान झाले त्याच दिवशी दाखल्याचा अर्ज गेला पाहिजे, कारण खाट मिळण्याआधी दाखलाच अडतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

कागदांच्या बाबतीत दोन अडचणी इतक्या नेहमीच्या आहेत, की त्यांचा वेगळा उल्लेख करते. पहिली नव्या सुनेची. तिचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेवरून उतरलेले नसते आणि सासरच्या शिधापत्रिकेवर चढलेले नसते, आधारवर आडनाव माहेरचे असते, आणि बाळंतपणासाठी दाखल करताना ती जणू कोणत्याच घरची नाही अशी स्थिती होते. एकदा सात महिन्यांची गरोदर मुलगी बाकावर बसलेली, आणि तिचा नवरा व वडील दोघेही आपापली शिधापत्रिका खिडकीतून आत सरकवत होते, कर्मचारी दोन्ही परत करत होता. शेवटी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, पतीचे आधार आणि सासरची शिधापत्रिका अशा तिन्ही प्रती एकत्र टाचून दिल्यावर प्रश्न सुटला. दुसरी अडचण नवजात बाळाची. काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाला स्वतःचे कोणतेही कागद नसतात. तिथे आईवडिलांच्या कागदपत्रांवरच अर्ज करावा आणि बाळाची नोंद 'अमुक यांचे बाळ' अशी केस पेपरवर जशी आहे, अगदी तशीच अर्जात लिहावी. केस पेपर, आधार आणि शिधापत्रिका यांवरील नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर केस पेपर तयार होतानाच तो दुरुस्त करून घ्यावा.

सर्व कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स प्रती काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात, आणि मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊन येऊ नयेत.

चौथी पायरी : कोणाला भेटायचे आणि काय म्हणायचे

धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक नेमलेला असतो, आणि आर्थिक स्थितीची पडताळणी करण्याचे काम त्याचेच असते. लोक त्यांना 'सोशल वर्कर मॅडम' किंवा 'एमएसडब्ल्यू' म्हणतात. त्यांची खोली बहुधा तळमजल्यावर, बिलिंगपासून लांब आणि दुपारी चारच्या सुमारास बंद होणारी असते, म्हणून सकाळी लवकर गाठावी. डॉक्टरांना, वॉर्डातील परिचारिकेला किंवा स्वागतकक्षातील मुलीला विनंती करण्यात वेळ घालवू नये. त्यांच्या हातात हा निर्णय नसतो.

सगळ्यात महत्त्वाची सूचना ही, की रुग्ण दाखल होण्याआधी किंवा दाखल होतानाच अर्ज करावा. घरी सोडण्याच्या दिवशी बिल तयार झाल्यावर योजनेचे नाव काढले, तर 'आधी का सांगितले नाही' असे उत्तर मिळते आणि मग ती लढाई फार अवघड होते. त्याचप्रमाणे, घाईगर्दीत किंवा नातेवाइकांच्या आग्रहाने स्वतंत्र खोली घेऊ नये. खोलीच्या वर्गावर पुढचे सगळे दर ठरतात, आणि स्वतंत्र खोलीत राहिलेल्या रुग्णाला निर्धन म्हणून मान्यता मिळणे जवळपास अशक्य होते.

अर्ज साध्या कागदावर चालतो. त्याचा मजकूर असा असावा : "माझी आई (नाव, वय, केस पेपर क्रमांक) हिच्यावर आपल्या रुग्णालयात (आजार किंवा शस्त्रक्रिया) यासाठी उपचार करावयाचे आहेत. आमच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न (रक्कम) रुपये असून तहसीलदारांचा दाखला सोबत जोडला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१कक अन्वये मंजूर योजनेनुसार तिला निर्धन रुग्णांसाठी राखीव खाटेवर दाखल करून घ्यावे, ही विनंती. खाट उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे." शेवटचे वाक्य गाळू नये. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एका प्रतीवर तारीख, वेळ, सही आणि शिक्का घ्यावा. पोच न घेता दिलेला अर्ज दिल्यासारखा नसतोच.

समाजसेवक घरची परिस्थिती विचारतील : जमीन किती, घर स्वतःचे की भाड्याचे, मुले काय करतात, गाडी आहे का. या प्रश्नांनी ओशाळून जाऊ नये आणि रागही मानू नये. पडताळणी करणे हे त्यांचे काम आहे. खरे तेच सांगावे. दोन एकर कोरडवाहू जमीन लपवली आणि नंतर ती सातबाऱ्यावर निघाली, तर उरलेली खरी माहितीही संशयास्पद ठरते. यांतले बहुतेक समाजसेवक मनापासून धडपडणारे असतात, त्यांच्यावर एकीकडे व्यवस्थापनाचा आणि दुसरीकडे रुग्णांचा ताण असतो, आणि नीट लावलेली फाईल समोर आली की त्यांनाही आतल्या आत आपल्या बाजूने भांडणे सोपे जाते.

पाचवी पायरी : "बेड शिल्लक नाही" असे उत्तर आल्यास

हे उत्तर कधी खरे असते, कधी नसते. राखीव खाटांची संख्या आणि त्यांतील रिकाम्या खाटा यांची माहिती रुग्णालयाने उघड करायची असते. म्हणून एकूण कार्यरत खाटा किती, त्यांपैकी निर्धन गटाच्या किती, आणि आज त्यांतील किती भरलेल्या आहेत, हे तीन आकडे विचारावेत. योजनेत एकूण कार्यरत खाटांचा उल्लेख आहे, केवळ जनरल वॉर्डातल्या खाटांचा नाही, हेही लक्षात ठेवावे.

खाटा खरोखर भरलेल्या असतील आणि उपचार तातडीचे नसतील, तर प्रतीक्षायादीत नाव घालून क्रमांक घ्यावा आणि त्याच वेळी दुसऱ्या धर्मादाय रुग्णालयात चौकशी सुरू करावी. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत पर्याय असतात. एकाच दारावर आठवडाभर बसून राहण्यात रुग्णाचे नुकसान होते. 'निधी संपला' असे सांगितले गेले, तर तेही लेखी मागावे. निधीत तूट आली तर ती बाब देखरेख समितीपुढे नेण्याची सोय योजनेत आहे.

दुसऱ्या योजनांशी सांगड

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही यापेक्षा वेगळी आहे, आणि दोन्हींची गल्लत फार होते. ती २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर पसरली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. तिच्यात ठरावीक उपचारांची यादी आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि पैसे शासनाकडून येतात. ती फक्त अंगीकृत, म्हणजे शासनाने त्या योजनेत सामील करून घेतलेल्या रुग्णालयांत चालते. तिथे 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो आणि चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. धर्मादाय योजनेत आजारांची अशी यादी नाही, पण खाटांची आणि निधीची मर्यादा आहे.

माझा सल्ला असा, की आजार जन आरोग्य योजनेच्या यादीत असेल आणि रुग्णालय अंगीकृत असेल तर आधी तिचा मार्ग धरावा, आणि यादीबाहेरच्या आजारासाठी किंवा अंगीकृत नसलेल्या धर्मादाय रुग्णालयासाठी कलम ४१ककचा. दोन्हींनी भागत नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधी आणि सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या संस्थांची वैद्यकीय मदत उरते, परंतु तिथे अंदाजपत्रक आधी मंजूर व्हावे लागते, त्यामुळे ते अर्ज उपचार सुरू होण्यापूर्वीच जायला हवेत. मंत्रालयात धर्मादाय रुग्णालय मदत कक्षही आहे, आणि खाट नाकारल्याची अडचण तिथे कळवता येते.

दाखल असताना आणि बिल हाती येताना

खाट मिळाली म्हणजे काम संपले असे समजू नये. केस पेपरवर किंवा दाखल फॉर्मवर 'निर्धन रुग्ण' किंवा 'आयपीएफ' असा शिक्का पडला आहे का, हे त्याच दिवशी पाहावे. रुग्ण अतिदक्षता विभागात हलवला गेला, तर नवीन नोंदीत तो शिक्का उतरला आहे का, हे पुन्हा पाहावे. वॉर्ड बदलताना तो गळून पडल्याची उदाहरणे मी स्वतः सोडवली आहेत. बाहेरून औषधे आणायची चिठ्ठी हातात दिली गेली, तर ती घेऊन थेट दुकानात न जाता समाजसेवकांना दाखवावी, कारण निर्धन रुग्णाच्या औषधांचा खर्चही निधीतूनच व्हायचा असतो. आणीबाणीत औषध आणावेच लागले, तर पक्की पावती रुग्णाच्या नावाने घ्यावी आणि फाईलमध्ये लावावी.

बिल आल्यावर त्याची तपशीलवार प्रत मागावी. एका बाळंतिणीच्या बिलावर मी अशा ओळी पाहिल्या होत्या : खाट शून्य, शुश्रूषा शून्य, आणि खाली बारीक अक्षरांत 'किरकोळ साहित्य' या नावाने साडेनऊ हजार रुपये. तिचा नवरा ते भरायला निघाला होता, कारण बाकी सगळे शून्य झाल्याचा आनंदच इतका मोठा होता. समाजसेविकेला ती ओळ दाखवल्यावर पाच मिनिटांत ती निधीकडे वळवली गेली. बिलात चूक हेतुपुरस्सर असतेच असे नाही. संगणकात रुग्णाचा गट बदलायचा राहून जातो. पण पाहिले नाही तर ती रक्कम आपल्या खिशातून जाते.

रुग्ण दगावला आणि बिल थकलेले असेल, तर मृतदेह अडवून ठेवता येत नाही. शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही गोष्ट स्पष्ट केली आहे, आणि त्याच नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे प्रत्येक खासगी रुग्णालयाला बंधनकारक आहे.

तक्रार

तक्रारीची पहिली जागा रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक. तिथे चोवीस तासांत काही झाले नाही, तर जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे किंवा विभागीय सहधर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार द्यावी. मुंबईत धर्मादाय आयुक्तांचे मुख्य कार्यालय वरळीला आहे. तक्रारीसोबत पोच घेतलेला अर्ज, दाखल्याची प्रत, अंदाजपत्रक आणि नकार कोणी, कधी, कोणत्या शब्दांत दिला याची टिपणी जोडावी. 'रुग्णालय लुटते' असे लिहिलेली चार पानांची तक्रार वाचली जात नाही. 'अमुक तारखेला सकाळी साडेदहा वाजता अर्ज दिला, अमुक वाजता तोंडी नकार मिळाला' असे लिहिलेल्या अर्ध्या पानावर कार्यालयातून रुग्णालयाला फोन जातो.

रुग्णालयाने निधीत किती रक्कम जमा केली आणि किती रुग्णांना लाभ दिला, याचे अहवाल धर्मादाय कार्यालयाकडे जातात, आणि ते माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या शुल्कात मागता येतात. उत्तराची मुदत ३० दिवसांची असली, तरी माहिती एखाद्याच्या जीविताशी संबंधित असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जाच्या वरच्या बाजूलाच तसे ठळक लिहावे आणि रुग्णाच्या केस पेपरची प्रत जोडावी.

घरी जाताना डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल आणि समाजसेवकांची मंजुरी या तिन्हींच्या प्रती त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. टाके काढायला, केमोथेरपीच्या पुढच्या फेरीला किंवा डायलिसिसला पुन्हा यायचे असेल, तर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहण्याआधी समाजसेवकांच्या खोलीत जाऊन पुढच्या तारखेची नोंद करून घ्यावी, आणि दाखल्याची मुदत त्या तारखेपूर्वी संपत असेल तर गाव गाठल्याबरोबर नव्या दाखल्याचा अर्ज द्यावा.